अंगणात उतरणारा गिअरबॉक्स

मोटारगाडीच्या दुरुस्तीतील जी कामे गॅरेजशिवाय होऊच शकत नाहीत असे सर्वसाधारणपणे मानले जाते, त्यांत गिअरबॉक्स खाली उतरवण्याचे काम बहुधा पहिले येते. गाडीखाली झोपून चाळीसेक किलोची धातूची पेटी इंजिनापासून सोडवायची आणि अंगावर न घेता जमिनीवर आणायची, हे ऐकतानाच धास्ती वाटते. प्रत्यक्षात मात्र या कामात बारीक कारागिरीचा वाटा थोडा आणि ओझे सांभाळण्याचा, क्रम न चुकवण्याचा व दोन शाफ्ट एका रेषेत ठेवण्याचा वाटा मोठा असतो. शिवाय ज्या गिअरबॉक्ससाठी एवढा खटाटोप होतो, तो बहुतेक वेळा स्वतः बिघडलेला नसतोच. त्याच्या पुढे, इंजिनाला लागून बसलेली क्लचप्लेट झिजलेली असते आणि तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट गिअरबॉक्सने अडवलेली असते, म्हणून तो उतरवावा लागतो. सातपुड्याचे घाट आणि त्या घाटांत भरून चालणाऱ्या जीपगाड्या यांमुळे नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगराळ भागात ही वेळ सपाटीवरच्या गाड्यांपेक्षा लवकर येते, आणि आल्यावर ती घराच्या अंगणातच निभावून नेण्याचे कारणही भूगोलातच आहे.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके असून त्यांतील अक्राणीचा जवळजवळ सगळा आणि अक्कलकुव्याचा मोठा भाग सातपुड्यात मोडतो. तापीकाठचा प्रकाशा-शहादा परिसर समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आत आहे, तर तोरणमाळचे पठार अकराशे मीटरहून उंच आहे. म्हणजे शहाद्याहून तोरणमाळला जाणारी गाडी सुमारे ५५ किलोमीटरांत नऊशे मीटरांच्या वर चढते, आणि ही चढण सगळ्या रस्त्यावर सारखी वाटलेली नसून बरीचशी शेवटच्या सात पायरी घाटासारख्या वळणावळणांच्या टप्प्यांत साठलेली आहे. तळोद्याकडून अक्राणीतील धडगावला नेणारा चांदशैली घाट आणि अक्कलकुव्याकडून मोलगीला नेणारा देवगोई घाट यांची गतही फारशी निराळी नाही. त्यांपैकी चांदशैली घाट पावसाळ्यात दरड कोसळून बंद पडण्याचे प्रकार घडतात. एसटी जिथे दिवसातून मोजक्या वेळा पोहोचते किंवा पोहोचतच नाही, तिथे प्रवासी, धान्याची पोती, बाजाराचा माल आणि आजारी माणूस अशा सगळ्यांचा भार खासगी जीपवर येतो. आठवडी बाजाराच्या दिवशी आणि होळीच्या सुमारास, विशेषतः काठी गावची राजवाडी होळी पाहण्यासाठी माणसे लोटतात तेव्हा, हा भार गाडीच्या कागदोपत्री क्षमतेशी काडीचाही संबंध ठेवत नाही.

गिअरबॉक्स मुळात कशासाठी असतो, हे समजल्याशिवाय क्लचप्लेट का जळते हे समजत नाही. डिझेल इंजिन साधारणपणे मिनिटाला आठशे ते चार हजार फेऱ्यांच्या पट्ट्यातच नीट चालते. त्याखाली ते बंद पडते आणि त्यावर ते जाऊ शकत नाही. याउलट गाडीच्या चाकांना शून्यापासून महामार्गावरील वेगापर्यंत सगळ्या गती हव्या असतात आणि चढावर तर गती कमी व जोर जास्त हवा असतो. ही तफावत भरून काढण्यासाठी लहान-मोठ्या दातेरी चक्रांच्या जोड्या एका पेटीत बसवलेल्या असतात; पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या साडेतीन-चार फेऱ्यांमागे पेटीतून मागे निघणारा शाफ्ट एकदा फिरतो, त्यामुळे गती त्या प्रमाणात घटते आणि पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, त्या प्रमाणात वाढतो. चक्रे सरकवून गिअर बदलण्याची ही कल्पना फ्रान्समधील पॅनहार्ड-लेव्हासर गाड्यांत १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रूढ झाली, आणि गिअर बदलताना दात एकमेकांवर कराकरा घासू नयेत म्हणून दोन चक्रांची गती आधी जुळवून घेणारी पितळी कड्यांची योजना, म्हणजे सिंक्रोमेश, अमेरिकेतील कॅडिलॅक गाड्यांत १९२८ साली आली. आज बोलेरोसारख्या जीपगाडीच्या पोटात जे फिरते, ते तत्त्वतः याच दोन गोष्टींचे सुधारलेले रूप आहे.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये क्लच असतो. इंजिनाच्या क्रँकशाफ्टला जोडलेले जड चाक म्हणजे फ्लायव्हील. त्याच्या सपाट तोंडावर दोन्ही बाजूंनी घर्षणाचे अस्तर लावलेली क्लचप्लेट बसते, आणि मागून स्प्रिंगच्या जोराने तिला दाबून धरणारी जाड लोखंडी तबकडी म्हणजे प्रेशर प्लेट. क्लचप्लेटच्या मधोमध असलेल्या खाचांत गिअरबॉक्सचा पुढे आलेला शाफ्ट, ज्याला इनपुट शाफ्ट म्हणतात, अडकलेला असतो. त्यामुळे प्लेट दाबलेली असली की इंजिनाचा पीळ गिअरबॉक्सकडे जातो, आणि पायाने पॅडल दाबले की रिलीज बेअरिंग नावाचे कडे प्रेशर प्लेटच्या फिंगरना ढकलून तो दाब काढून घेते व दोन्हींचा संबंध तुटतो. पॅडल पूर्ण दाबलेले किंवा पूर्ण सोडलेले असते तेव्हा प्लेट झिजत नाही. झीज होते ती या दोन अवस्थांच्या मध्ये, जेव्हा फ्लायव्हील एका गतीने आणि प्लेट दुसऱ्या गतीने फिरत एकमेकांवर घासत असतात.

घाटात नेमके हेच घडते. चढावर थांबलेली भरलेली जीप मागे न सरकता पुढे काढण्यासाठी चालक पाय अर्धवट ठेवून, म्हणजे हाफ क्लचवर, गाडी तोलून धरतो. वळणावर दुसरा गिअर जड जातो पण पहिला टाकायचा कंटाळा येतो, तेव्हाही तोच उपाय केला जातो. इंजिन १२० न्यूटन-मीटर पीळ देत असेल आणि फ्लायव्हील व प्लेट यांच्या गतीत मिनिटाला एक हजार फेऱ्यांचा फरक असेल, तर त्या घर्षणात सुमारे साडेबारा किलोवॅट शक्ती उष्णतेत जाते. पाणी तापवायच्या एक हजार वॅटच्या बारा-तेरा कॉइल एका ताटाएवढ्या चकतीवर एकाच वेळी पेटवल्यासारखे ते आहे. काही सेकंदांपुरते हे चालून जाते, पण घाटभर तसेच चालवले तर जळका, उग्र वास गाडीत भरतो, अस्तर काचेसारखे गुळगुळीत होते आणि शेवटी अशी वेळ येते की ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन ओरडते पण गाडी वेग घेत नाही. क्लच घसरतो म्हणतात तो हाच. गिअरबॉक्सचा स्वतःचा दोष असेल तर त्याची लक्षणे निराळी असतात: एखादाच गिअर आपोआप निसटणे, एखाद्याच गिअरमध्ये घरघर येणे, किंवा क्लच पूर्ण दाबूनही गिअर वाजत पडणे, यांतले शेवटचे लक्षणही कित्येकदा नुसत्या ढिल्या केबलमुळे किंवा क्लच नीट सुटत नसल्यामुळे उद्भवते. म्हणून पाना हाती घेण्याआधी पॅडलची मोकळी चाल आणि क्लचचे तेल तपासणे हे काम उतरवण्याच्या निम्म्या श्रमाइतके मोलाचे आहे.

ज्या गाड्यांत हे काम अंगणात शक्य होते, त्या तशा घडण्यालाही इतिहास आहे. १९४५ साली महिंद्रा अँड मोहम्मद या नावाने स्थापन झालेल्या, आणि पुढे महिंद्रा अँड महिंद्रा झालेल्या कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत माझगाव येथे विलीज जीपची जुळणी सुरू केली. ही जीप मुळात दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी घडवलेली होती, आणि रणभूमीवर साध्या हत्यारांनी दुरुस्त होणे ही तिच्या उपयुक्ततेची एक अटच होती: स्वतंत्र चेसी, तिच्यावर लांबीच्या दिशेने बसवलेले इंजिन, त्यामागे सरळ रेषेत गिअरबॉक्स, आणि त्यामागून मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट. कमांडर, मॅक्स आणि २००० साली बाजारात आलेली, नाशिकच्या कारखान्यातही तयार होणारी बोलेरो या गाड्यांनी बाकी पुष्कळ काही बदलले, तरी ही मूळ मांडणी बदलली नाही. चेसी जमिनीपासून उंच असल्यामुळे माणूस खाली शिरू शकतो, आणि पेटी सरळ मागे ओढली की निघते, या दोन गोष्टींवर अंगणातल्या मिस्त्रीचे सगळे गणित उभे आहे. अक्राणीतल्या एखाद्या पाड्यावर बंद पडलेली गाडी ओढून शहाद्याला किंवा तळोद्याला न्यायची म्हटले तर दुसरी गाडी, तिचे डिझेल आणि घाट उतरताना ओढल्या जाणाऱ्या गाडीचे ब्रेक सांभाळण्याची जोखीम एवढे सगळे अंगावर येते. त्यापेक्षा प्लेट आणि बेअरिंग मागवून घ्यावे आणि गाडी असेल तिथेच खोलावी, हा हिशेब सहज पटण्यासारखा आहे.

हत्यारांची यादी लहानच असते. दहापासून चोवीस मिलिमीटरपर्यंतचे रिंग पाने आणि फिक्स पाने, गोटी पान्यांचा संच व त्याचे लांब एक्स्टेन्शन, पान्याला लावून जोर वाढवण्यासाठी लोखंडी पाइपाचा तुकडा, हातोडा, छिन्नी, पक्कड, दोन जॅक, पक्क्या लोखंडी घोड्या, दोन-तीन जाड फळ्या, दोर आणि एक जुना टायर एवढ्यावर काम भागते. विलीज घराण्यातील जुन्या जीपमध्ये इंची मापाचे बोल्ट असतात, आणि अनेकदा दुरुस्त झालेल्या गाडीत इंची आणि मिलिमीटर दोन्ही मापे शेजारी-शेजारी सापडतात. जवळपास बसणारा पाना लावून जोर केला की बोल्टाची डोकी गोल होतात आणि मग पाच मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस जातो. गंजलेल्या बोल्टांना आदल्या रात्री डिझेल किंवा गंज सोडवणारे तेल मारून ठेवण्यात आळस करू नये.

खरा धोका पेटीत नसून तिच्या खालच्या जमिनीत आहे. तापीच्या खोऱ्यातील काळी माती कोरडी असताना दगडासारखी वाटते, पण एक सर पडली की जॅकचे छोटे बूड तिच्यात रुतू लागते आणि वरची गाडी कलंडते. म्हणून जॅकखाली व घोड्यांखाली रुंद फळी किंवा लोखंडी पत्रा टाकणे अनिवार्य आहे. डोंगरात मुरूम आणि खडक असल्यामुळे जमीन रुतत नाही, परंतु सपाट जागा सापडणे हाच प्रश्न असतो. गाडी उचलल्यावर ती जॅकवर ठेवून खाली शिरणे हा या व्यवसायातला सर्वांत जुना आणि सर्वांत जीवघेणा आळस आहे: हायड्रॉलिक जॅकमधील रबरी सील कधीही दाब सोडू शकते, आणि विटा किंवा सिमेंटचे ठोकळे भाराखाली पूर्वसूचना न देता फुटतात. भार चेसीखाली लावलेल्या घोड्यांवर, त्या नसतील तर एकमेकांवर आडव्या-उभ्या रचलेल्या जाड लाकडी ओंडक्यांवर असला पाहिजे, आणि जमिनीवर टेकलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावलेले असले पाहिजेत. गाडी गिअरमध्ये ठेवली म्हणजे हलणार नाही, हा समज प्रॉपेलर शाफ्ट सुटताच खोटा ठरतो, कारण त्यानंतर इंजिनाचा चाकांशी संबंधच उरत नाही. विलीज पद्धतीच्या जुन्या जीपमध्ये तर याहून मोठी मेख आहे; त्यांचा हँडब्रेक चाकांत नसून ट्रान्स्फर केसच्या, म्हणजे चारही चाकांना शक्ती वाटणाऱ्या जोडपेटीच्या मागे, शाफ्टच्या तोंडाशी असतो, त्यामुळे शाफ्ट सुटला की ओढलेला हँडब्रेकही निरर्थक होतो.

कामाची सुरुवात बॅटरीचे ऋण टर्मिनल काढून होते. स्टार्टर मोटर गिअरबॉक्सच्या पुढच्या रुंद तोंडाजवळ, म्हणजे बेल हाउसिंगजवळ बसवलेली असते आणि तिच्याकडे येणारी जाड तार किल्ली बंद असतानाही जिवंत असते. पाना एकाच वेळी त्या तारेला आणि चेसीला लागला तर ठिणग्या उडतात आणि हात भाजतो. त्यानंतर गाडीच्या आतून गिअरच्या दांड्याभोवतीचे रबर आणि फ्लोअरवरचे झाकण काढून दांडा सोडवतात व उघडे राहिलेले तोंड स्वच्छ फडक्याने बंद करतात, कारण आत पडलेला एक खडा पुढे पेटीतल्या दातांची वाट लावू शकतो. मग तेल काढायचे; पण खालचा ड्रेन प्लग सोडण्याआधी बाजूचा, तेल भरायचा प्लग सुटतो याची खात्री करून घ्यायची, हा नियम काटेकोर पाळावा लागतो, कारण तेल काढून झाल्यावर भरायचा प्लग गंजून अडकलेला निघाला तर ती गाडी ना चालवण्याजोगी राहते ना भरण्याजोगी. निघालेल्या तेलाकडे दोन मिनिटे नीट पाहण्याइतके फुकटचे निदान दुसरे नाही. प्लगच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा थर असणे ही नेहमीची झीज होय. तेलात सोनेरी चमक असेल तर सिंक्रोमेशची पितळी कडी झिजत आहेत, आणि बोटाला लागेल असा लोखंडाचा तुकडा निघाला तर प्रश्न क्लचपुरता उरलेला नाही.

प्रॉपेलर शाफ्ट सोडवण्याआधी त्याच्या आणि त्याला जोडलेल्या फ्लँजच्या, म्हणजे चार बोल्टांनी आवळलेल्या चकतीच्या कडेवर छिन्नीने किंवा रंगाने एकच आडवी खूण करून ठेवतात, म्हणजे परत बसवताना तो त्याच अवस्थेत बसतो व गाडी वेगात थरथरत नाही. सुटलेल्या टोकाच्या क्रॉसवरील टोप्या गळून आतले सुईएवढे रोलर मातीत पडू नयेत म्हणून त्यांच्याभोवती चिकटपट्टी गुंडाळतात. त्यापाठोपाठ स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्सच्या दिव्याची तार, स्टार्टर आणि क्लचची केबल किंवा तेलाच्या दाबावर चालणारा स्लेव्ह सिलिंडर बाजूला होतात. स्लेव्ह सिलिंडर लोंबकळत असताना कोणी सवयीने पॅडल दाबले तर त्याचा दट्ट्या बाहेर उडतो आणि क्लचचे तेल सांडते, म्हणून अंगणात जमलेल्या पोरांना चालकाच्या जागेवर बसू न देणे हाही या कामाचा एक भाग समजावा.

यानंतरचा टप्पा नवख्याला चकवतो. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून एकच लांब ओझे असते. पुढे इंजिनाखाली दोन रबरी माउंटिंग आणि मागे गिअरबॉक्सखाली आडव्या पट्टीवर एक, अशा तीन आधारांवर ते तोललेले असते. मागची आडवी पट्टी काढली की इंजिन पुढच्या दोन माउंटिंगवर झुलून मागे झुकते, पाण्याचे पाइप ताणले जातात आणि पंखा त्याच्या आवरणाला किंवा रेडिएटरला जाऊन भिडतो. म्हणून पहिला जॅक इंजिनाच्या मागच्या बाजूला, तेलाच्या पातळ पत्र्याच्या टाकीवर थेट न लावता मध्ये रुंद फळी ठेवून लावतात, आणि दुसरा गिअरबॉक्सखाली. पट्टी निघाल्यावर दोन्ही जॅक बेताने दोन-तीन बोटे खाली घेतले की पेटीची शेपटी खाली येते आणि बेल हाउसिंगच्या माथ्यावरचे, आतापर्यंत हातालाही न लागणारे बोल्ट लांब एक्स्टेन्शन लावलेल्या गोटी पान्याच्या टप्प्यात येतात.

या बोल्टांपैकी समोरासमोरचे दोन शेवटपर्यंत ठेवायचे, आणि बाकीच्यांच्या दोन भोकांत डोके कापलेले लांब बोल्ट पिळून ठेवायचे. ही दोन गजांची युक्ती सगळ्या कामाचा कणा आहे. इनपुट शाफ्टचे वीतभर लांबीचे टोक अजून क्लचप्लेटच्या खाचांतून जाऊन क्रँकशाफ्टच्या टोकातील छोट्या पायलट बेअरिंगमध्ये टेकलेले असते. शेवटचे बोल्ट सुटल्यावर पेटी खाली लोंबली तर तिचे सगळे वजन त्या टोकावर आणि प्लेटच्या मधल्या नाभीवर येते, आणि नवी प्लेट असली तरी तिची नाभी वाकते. गज लावलेले असले की वजन त्यांच्यावर पडते, आणि पेटी त्यांच्यावरून रुळावर सरकावी तशी सरळ मागे येते. एक जण खालून जॅक सांभाळतो, दुसरा मागून ओढतो. टपाचे कापड काढता येणाऱ्या जुन्या जीपमध्ये फ्लोअरच्या मोकळ्या झालेल्या जागेतून दोर सोडून, वर आडव्या टाकलेल्या मजबूत वाशाला पेटी झोळीत धरल्यासारखी टांगताही येते. पेटी बोटभरही मागे येईना, तर पहार घालून जोर करण्याआधी एखादा बोल्ट विसरला आहे असेच धरून चालावे; बहुतेक वेळा तो स्टार्टरच्या मागे लपलेला असतो. शाफ्टचे टोक पूर्ण मोकळे झाल्यावर पेटी जुन्या टायरवर उतरवतात. ट्रान्स्फर केससकट उतरवायची असेल तर वजन एवढे वाढते की दोन माणसांच्या हातांवर भिस्त ठेवण्यात अर्थ नसतो, तेव्हा कप्पी मागवावी.

आता क्लच उघडा पडतो, आणि ज्यासाठी सगळे केले ते काम तुलनेने झटपट होते. प्रेशर प्लेटचे बोल्ट एकदम न काढता समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करतात, नाहीतर स्प्रिंगच्या जोराने तिचे कवच वाकते. निघालेल्या प्लेटचे अस्तर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजले असेल तर निर्णय सोपा असतो. अस्तर शिल्लक असून ते तेलकट असेल, तर नुसती प्लेट बदलणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय, कारण क्रँकशाफ्टचे मागचे किंवा गिअरबॉक्सचे पुढचे सील गळत असते आणि ते न बदलल्यास नवी प्लेटही भिजणार असते. फ्लायव्हीलवर निळसर डाग व केसासारख्या भेगा दिसल्या तर ते लेथवर घासून घ्यावे लागते, आणि त्यासाठी मात्र शहाद्याची किंवा नंदुरबारची फेरी टळत नाही. रिलीज बेअरिंग जुने असेल तर ते कितीही चांगले फिरत असले तरी बदलावे, कारण त्याची किंमत पुन्हा एकदा गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीपुढे किरकोळ असते. आणि ते डिझेलमध्ये धुऊ नये, कारण आतले ग्रीस धुऊन निघाले की ते पुन्हा भरता येत नाही. बेल हाउसिंगमध्ये साठलेली काळी धूळ तोंडाने किंवा हवेच्या झोताने उडवण्याची सवय सर्रास आढळते, ती घातक आहे. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस वापरले जात असे आणि त्याचे तंतू फुप्फुसात कायमचे रुततात, म्हणून नाकाला फडके बांधून ओल्या कापडाने पुसणे हाच मार्ग.

नवी प्लेट बसवताना तिची लांब नाभी गिअरबॉक्सकडे राहील हे पाहतात आणि प्रेशर प्लेट आवळण्यापूर्वी प्लेटच्या मधून पायलट बेअरिंगपर्यंत डमी शाफ्ट घालतात. कंपनीचे खास हत्यार नसले तरी भंगारातला त्याच मॉडेलचा जुना इनपुट शाफ्ट हे काम तितकेच अचूक करतो, आणि जुन्या मिस्त्रीकडे असे दोन-चार शाफ्ट फडक्यात गुंडाळलेले असतातच. प्लेट केसभर जरी एका बाजूला राहिली तरी पेटी बसत नाही. मग माणसे दमतात, चिडतात, आणि बेल हाउसिंगचे बोल्ट लावून तेच आवळत पेटी पुढे खेचू पाहतात. ॲल्युमिनियमचे बेल हाउसिंग असेल तर त्याचा कान तडकण्याचा क्षण हाच. खरा उपाय साधा असतो: पेटी चौथ्या गिअरमध्ये टाकून तिच्या मागची फ्लँज हाताने हळूहळू फिरवायची, म्हणजे पुढचा शाफ्ट फिरतो, त्याच्या खाचा प्लेटच्या खाचांत उतरतात आणि पेटी हाताच्या ढकलण्याने शेवटपर्यंत सरकते, बोल्ट त्यानंतर, आणि केवळ आवळण्यासाठी.

मारुती ८०० पासून पुढच्या बहुतेक छोट्या मोटारींत हे सगळे गणित बदलते. १९८३ च्या डिसेंबरात दिल्लीत पहिली गाडी ग्राहकाच्या हाती गेल्यापासून भारतात रुळलेल्या या पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या मोटारींत इंजिन आडवे असते, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत असतात आणि प्रॉपेलर शाफ्टच नसतो. पेटी हलकी असते, पण ती काढण्यासाठी दोन्ही बाजूंचे ड्राइव्ह शाफ्ट, खालचे बॉल जॉइंट आणि हबचे करकचून बसलेले नट सोडवावे लागतात, इंजिन वरून आडव्या बारला टांगावे लागते आणि काम सगळे चिंचोळ्या जागेत करावे लागते. ऑटोमॅटिक आणि क्लच पॅडल नसलेल्या एएमटी गाड्यांच्या वाटेला अंगणात जाऊच नये, कारण त्यांना जोडणीनंतर संगणकाकडून नव्याने जुळवून घ्यावे लागते. दुसरे टोक ट्रॅक्टरचे. शहादा-तळोद्याच्या ऊस-केळीच्या पट्ट्यातील नेहमीच्या ट्रॅक्टरला वेगळी चेसीच नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल हेच एकमेकांना बोल्ट होऊन त्याचा सांगाडा बनतात, त्यामुळे त्याची क्लचप्लेट बदलायची म्हणजे ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत सोडवून अर्धा भाग चाकांसकट मागे ढकलायचा. ते दृश्य भीतिदायक दिसते, पण भार चाकांवरच राहत असल्याने एका अर्थी ते जीपपेक्षा सोपे असते, फक्त पुढचा ॲक्सल पाचरी मारून पक्का केलेला असला म्हणजे झाले.

जोडणी पूर्ण झाल्यावर गिअर ऑइल, जीपसाठी बहुधा ८०डब्ल्यू-९० जातीचे किंवा कंपनीने सांगितलेले, गाडी सपाट उभी असताना भरायच्या भोकातून ओघळू लागेपर्यंत भरतात. काढलेले तेल नाल्यात किंवा विहिरीच्या कडेला ओतण्याचा मोह टाळून डब्यात साठवावे व जुने तेल विकत घेणाऱ्याला द्यावे. कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून ते चोपडण्याची पद्धत सर्वत्र आहे, पण पावसात ते शेवटी मातीतच उतरते. पॅडलला थोडी मोकळी चाल ठेवतात, म्हणजे रिलीज बेअरिंग सतत फिंगरना टेकून फिरत राहत नाही. नव्या अस्तराला फ्लायव्हीलशी बैठक जमवायला काही शे किलोमीटर लागतात आणि तोवर भरलेली गाडी घाटात घालू नये असे सांगितले जाते, मात्र होळीच्या आठवड्यात दुरुस्त झालेल्या जीपचा मालक हा सल्ला ऐकून घेतो एवढेच. निदान पहिल्या फेरीनंतर प्रॉपेलर शाफ्टच्या फ्लँजचे चारही बोल्ट पुन्हा आवळून पाहावेत आणि रात्री बेल हाउसिंगखाली पुठ्ठा टाकून ठेवावा. सकाळी त्यावर पातळ, काळा डाग दिसला तर इंजिनाचे मागचे सील गळते आहे, आणि डाग घट्ट, चिकट व गंधकासारख्या वासाचा असला तर गिअरबॉक्सचे पुढचे. दोन्हींपैकी कोणताही डाग पडला तरी नवी प्लेट भिजण्याआधीच पेटी पुन्हा खाली घ्यावी लागते, आणि गंजलेले बोल्ट एकदा सुटलेले असल्याने ते काम पहिल्यापेक्षा बरेच लवकर उरकते.